बॅटरीकाकांचे कान

"थांबा! वायर काढली का?"

टेलिफोनताईंनी श्वास भरून पहिल्या शब्दासाठी तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटून घेतलं. समोरच्या टेबलापाशी बॅटरीकाका वाकले, चार्जरची वायर लॅपटॉपमधून उपसून काढली, भिंतीवरचं बटण बंद केलं आणि वायरची नीट गुंडाळी करून ती ड्रॉवरमध्ये ठेवून दिली.

"अहो, बटण बंद केलंत ना? मग ड्रॉवरमध्ये कशाला कोंडता तिला?" ताई म्हणाल्या.

"बाहेर राहिली की कुणाला तरी लावाविशी वाटते."

"इथे आपण दोघंच आहोत."

"म्हणूनच म्हणतोय," काका म्हणाले आणि त्यांनी हेडफोन कानांवर चढवले.

मग त्यांनी डोळे मिटले. वाचन सुरू करण्याआधी ते नेहमी असे डोळे मिटून खोली ऐकायचे. पंखा बंद, खिडकी बंद, दाराच्या फटीत जुनी चादर कोंबलेली. दृष्टिहीनांच्या ग्रंथालयाची ही मागची खोली एके काळी अडगळीची होती. भिंतींना जुन्या गाद्या ठोकून काकांनी तिचा स्टुडिओ केला होता. इथे माणसं येऊन पुस्तकं वाचायची, काका ती लॅपटॉपवर उतरवून घ्यायचे, आणि मग ती बोलती पुस्तकं घरोघरी जायची.

"ताई, काहीतरी खाऊन या," काका डोळे न उघडता म्हणाले.

"का?"

"पोटात कावळे ओरडतायत. माझ्याकडे स्वच्छ ऐकू येतायत."

ताई लाजल्या, हसल्या आणि पर्समधून दोन बिस्किटं काढून खाऊन आल्या. काकांच्या कानांपुढे कुणाचं काही चालत नसे. पान जोरात उलटलं, पुन्हा वाचा. खुर्ची करकरली, पुन्हा वाचा. एका वाचकाच्या हातातल्या घड्याळाची टिकटिक त्यांना हेडफोनमध्ये सापडली होती आणि ते घड्याळ त्यांनी बाहेर पाठवून दिलं होतं. वाचणाऱ्यांच्या नाकाला कधीकधी मिरच्या झोंबायच्या, पण पुस्तक तयार झाल्यावर ऐकलं की त्यांचा राग निघून जायचा.

काकांचं खरं नाव संस्थेच्या हजेरीपटावर होतं, तेवढंच. बाकी सगळ्यांना ते बॅटरीकाका. त्याला कारण होतं. माइकची वायर एका लहानशा डबीतून लॅपटॉपमध्ये जायची, आणि लॅपटॉप भिंतीवरच्या विजेवर चालत असला की त्या वाटेने आवाजात एक बारीक शिट्टी शिरायची. खोलीत ती कुणाला ऐकू यायची नाही. हेडफोन लावला की मात्र वाचणाऱ्याच्या मागे सतत डास गुणगुणतोय असं वाटायचं. चार्जर काढला, लॅपटॉप बॅटरीवर घेतला, की डास मेला. म्हणून काकांचा नियम: वाचन चालू असताना वीज बंद, बॅटरी चालू.

आणि वाचन बॅटरीवर म्हटल्यावर ती बॅटरी काकांनी तळहाताच्या फोडासारखी जपली. ऐंशी टक्क्यांच्या वर तिला चढू द्यायची नाही, विसाच्या खाली उतरू द्यायची नाही. माणूस भरल्या पोटी सुस्तावतो आणि उपाशी राहिला की खंगतो, बॅटरीचंही तेच, असं ते सांगायचे. लॅपटॉप फायलींच्या गठ्ठ्यावर ठेवायचा नाही, खालची जाळी बंद होऊन तो तापतो. उन्हात तर मुळीच नाही. एकदा ग्रंथपाल बाईंनी सुट्टीवर जाताना लॅपटॉप चार्जिंगला लावला तो लावलाच, तोही खिडकीतल्या उन्हात. काकांनी त्यानंतर कितीतरी दिवस त्यांच्याशी फक्त कामापुरतं बोलणं ठेवलं होतं.

बॅटरी टिकेल तेवढं वाचायचं, ती उतरली की चार्जिंग लावून चहा घ्यायचा, अशी त्या खोलीची रीतच पडून गेली होती. लेखकाने प्रकरण जास्त लांबवलं असेल तर काका लेखकावर चिडायचे. "एवढं काय पाल्हाळ लावलंय?" म्हणायचे. "याच्या घरी वीज जात नव्हती वाटतं!"

त्या दिवशी ताई एका जाडजूड कादंबरीचं सुरुवातीचं प्रकरण वाचत होत्या. शिडाच्या मालवाहू जहाजावरच्या एका स्वयंपाक्याची गोष्ट. ताई पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. नंबर जोडून मागणारी माणसं काम झालं तरी फोन ठेवायची नाहीत, असा त्यांच्या आवाजाचा लौकिक होता आणि तो त्यांना स्वतःलाही मान्य होता.

मधेच काकांनी हात वर केला. वाचन थांबलं.

"काय झालं? माझं चुकलं का?"

"नाही. हे बटण दाबलं जात नाहीये." काकांनी लॅपटॉपच्या कडेवर बोट टेकवलं. लॅपटॉप टेबलावर डुगडुगला. त्यांनी तो बंद करून उलटा केला. बॅटरी उशीसारखी फुगली होती.

काकांनी ती फार हळू हाताने सोडवून काढली, न दाबता, न दुखवता. बाहेर व्हरांड्यात सावलीला एका फरशीवर नेऊन ठेवली. संध्याकाळी जुन्या बॅटऱ्या गोळा करणाऱ्या दुकानात स्वतः जाऊन दिली.

"एवढं जपलंत, तरी गेलीच की," ग्रंथपाल बाई म्हणाल्या.

"जपली म्हणून एवढी टिकली. नाहीतर केव्हाच तिने राम म्हटला असता."

नवी बॅटरी मागवली, पण लॅपटॉप जुना, त्या मापाची बॅटरी दुकानात नव्हती. यायला वेळ लागेल, असं कळलं. काका म्हणाले, तोवर वाचन बंद ठेवू. ग्रंथपाल बाईंची हरकत नव्हती. हरकत होती ताईंची.

"मला थांबता यायचं नाही," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांनी दात काढायला सांगितलेत. वरचे सगळे, खालचे बरेचसे. हिरड्या गेल्यात. मग कवळी."

"मग काय झालं? कवळीने माणूस वाचतो की."

"तुम्हाला कळत नाही. 'स' दातांत असतो, 'श' दातांत असतो. कवळी बसल्यावर त्यांचं काय होईल कुणास ठाऊक. हे पुस्तक मला माझ्या दातांनी संपवायचंय."

काकांनी ड्रॉवर उघडला, चार्जर काढला आणि बॅटरी नसलेला लॅपटॉप भिंतीवरच्या विजेवर चालू केला. निदान ऐकून तर बघू, शिट्टी किती आहे ती. त्यांनी पंखा बंद केला, दाराच्या फटीत चादर कोंबली, हेडफोन लावले, डोळे मिटले.

काही नाही. शांत.

त्यांनी आवाज वाढवला. बाहेरच्या रस्त्यावरून ट्रक गेल्याची घरघर आली. ताईंनी पाय हलवला तो आला. त्यांचा श्वास आला. शिट्टी नाही.

"गेली!" काका म्हणाले. "शिट्टी गेली!"

"अशी कशी गेली?"

"चार्जर मागे बदलला होता ना, तो चांगला निघाला. मी आपला जुन्याच भीतीने इतके दिवस वायर काढत बसलो."

ग्रंथपाल बाईंनी ही संधी सोडली नाही. "म्हणजे इतकी वर्षं आमच्या डोक्याला ताप दिलात तो फुकटच म्हणायचा?" त्या दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला हे सांगत राहिल्या. काका हसले. हेडफोन एकदा बाईंच्या कानाला लावावा, ताईंच्या कानाला लावावा, असं काकांच्या मनातही आलं नाही. आवाजाच्या बाबतीत त्यांनी आजवर कधी दुसऱ्याला विचारलंच नव्हतं. विचारायचं ते सगळ्यांनी त्यांना.

मग काम असं झपाट्याने झालं की बघायला नको. बॅटरीची चिंता नाही, चहासाठी थांबणं नाही. फक्त वायर निघाली तर लॅपटॉप जागच्या जागी बंद पडेल, म्हणून काकांनी ती टेबलाच्या पायाला सुतळीने बांधून टाकली आणि झाडणाऱ्या मावशींना त्या कोपऱ्यात यायची बंदी केली. ताई वाचत होत्या आणि काय वाचत होत्या! स्वयंपाक्याच्या बायकोचं पत्र येतं ते प्रकरण त्यांनी असं वाचलं की काकांनी हेडफोन काढून डोळे पुसले. शेवटचं पान झालं, ताईंनी पुस्तक मिटलं आणि चष्मा काढून म्हणाल्या, "सुटले. आता काढू देत काय काढायचे ते."

ताईंचे दात गेले. पुस्तक तयार होऊन ऐकणाऱ्यांकडे गेलं.

सगळ्यांत आधी ते ऐकून संपवलं खुर्चीवाल्याने. हा चाळिशीचा गृहस्थ जन्मापासून आंधळा. फर्निचरच्या दुकानामागच्या शेडमध्ये वेताच्या खुर्च्या विणायचा आणि विणता विणता दिवसभर पुस्तकं ऐकायचा. नवीन पुस्तकाबद्दल पहिला फोन नेहमी त्याचाच.

"काका, झकास पुस्तक. ताईंनी तर कमाल केलीय. फक्त तुमचा एक डास मारायचा राहिला."

"कसला डास?"

"मागे वाजतोय ना तो, सूंऽऽ करून. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. ते प्रकरण नाही का, वारा पडतो, जहाज समुद्रात नुसतं उभं राहतं, लेखक म्हणतो, एवढी शांतता त्याने जन्मात ऐकली नव्हती. आणि मागे तुमचा डास! मला एवढं हसू आलं."

काकांना हसू आलं नाही. "तुमचं ऐकायचं मशीन बिघडलं असेल."

"बाकीची पुस्तकं स्वच्छ वाजतायत की."

"मग पुस्तकाचं कार्ड खराब असेल. मी येतो तिकडे."

काका तावातावाने निघाले. जाताना स्वतःचे हेडफोन बरोबर घेतले, दुसऱ्याच्या वस्तूवर त्यांचा भरवसा नव्हता. शेडमध्ये वेताच्या पट्ट्या टबात भिजत पडल्या होत्या. खुर्चीवाला मांडी घालून बसला होता, समोर उलटी ठेवलेली खुर्ची. त्याने हात पुसले, काकांचे हेडफोन आपल्या मशीनला लावले आणि शांततेचं ते प्रकरण काढून दिलं.

"हं. आता ताई थांबतील. ऐका. ...आला?"

"नाही."

"थांबा, मागे घेतो. आवाज वाढवतो. आता?"

ताईंचा श्वास काकांना वादळासारखा ऐकू आला. त्यांच्या बांगडीचा टेबलाला झालेला स्पर्शही ऐकू आला, आणि तो आपण तेव्हा कसा सोडला, असंही वाटून गेलं. "नाही. काही नाही," ते म्हणाले. "स्वच्छ आहे."

खुर्चीवाल्याने हेडफोनची एक बाजू स्वतःच्या कानाला लावली, दुसरी काकांना लावू दिली. डोक्याला डोकं लागलं.

"काका, हा काय वाजतोय. खरंच नाही?"

"थट्टा करताय का माझी?"

"तुमची थट्टा मी कशाला करू?" खुर्चीवाला हळू आवाजात म्हणाला. "आंधळ्याच्या गाई देव राखतो म्हणतात. आमच्या गाई तुम्हीच राखल्यात आजवर."

काकांनी हेडफोन काढले. वायर गुंडाळायला लागले, ती गुंडाळली जाईना. खुर्चीवाल्याने टबातून एक पट्टी उचलली, भोकातून ओवली, ओढून घेतली. "मी कुणाला सांगत नाही," तो म्हणाला. "पण ऐकणारे अजून पुष्कळ आहेत."

घरी बायको इस्त्री करत होती. काकांनी तिच्या हातातली इस्त्री काढून बाजूला ठेवली, प्लग काढला आणि तेच प्रकरण लावून तिच्या डोक्यावर हेडफोन चढवले.

"अगं, नीट ऐक. बोलू नकोस. नुसतं ऐक."

बायकोने ऐकलं आणि लगेच तोंड वाकडं केलं. "अगं बाई! हे काय सुईसारखं टोचतंय कानात?"

काका खुर्चीवर बसले. बायकोने हेडफोन काढले, त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या लक्षात यायला वेळ लागला नाही, कारण तिच्या ते अर्धवट लक्षात आलेलंच होतं.

"अहो, थर्मामीटर टीं टीं वाजतो तेव्हासुद्धा तुम्ही तो तोंडात धरून बसता. मला वाटायचं, ताप जास्त भरावा म्हणून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमच्या कानांबद्दल तुम्हाला कोण बोलणार?"

हे खरं होतं. काकांना त्या दुपारी भीती वाटली. डोळे मंद झाले तेव्हा त्यांनी चष्मा घेतला आणि विसरून गेले; गुडघे दुखायला लागले तेव्हा जिना सोडला. पण कान हे त्यांचं सगळंच होतं. पगार कानांचा, मान कानांचा. ग्रंथपाल बाईंपासून खुर्चीवाल्यापर्यंत सगळे त्यांचं बोलणं सोसायचे ते या कानांपायी. आणि ते कान, त्यांना न विचारता, न सांगता, थोडे थोडे निघून चालले होते.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, वयाबरोबर बारीक आवाज आधी जातात, जाड आवाज राहतात. म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. बोलणं नीट ऐकू येतंय ना? मग काळजी करू नका. पुढे लागलंच तर कानाला मशीन लावू. काकांनी विचारलं, मशीन लावून रेकॉर्डिंग तपासता येईल का? डॉक्टर म्हणाले, तेवढा भरवसा मी देणार नाही.

मग काकांनी लॅपटॉपशी झटापट केली. शिट्टी पडद्यावर दिसत होती: ताईंच्या आवाजाच्या डोंगरदऱ्यांवर एक सरळ रेघ, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. ती रेघ पुसायची सोय प्रोग्रॅममध्ये होती. काकांनी पुसली, ठिकठिकाणी पुसली, आणि बायकोला ऐकवलं.

"डास गेला," बायको म्हणाली. मग थोडं ऐकून, "पण ताई बोबड्या झाल्यात हो. डासाबरोबर त्यांचा 'स'ही गेला."

काकांना ताई जशा होत्या तशाच ऐकू येत होत्या.

ग्रंथालयात एव्हाना आणखी तीन-चार फोन आले होते. ग्रंथपाल बाईंनी काकांना केबिनमध्ये बोलावलं. काका सगळं सांगायचं असं ठरवून गेले होते. पण बाईंनी बोलायला जागाच ठेवली नाही.

"चार्जर फसवा निघाला बघा. आधी गप्प होता, मग आवाज करायला लागला असेल. तुमची काय चूक त्यात? आणि हो, नवी बॅटरी आलीय. ताईंना विचारलं मी. पुन्हा वाचते म्हणाल्या बिचाऱ्या."

बाईंनी टेबलावरून खोकं पुढे सरकवलं. काकांनी ते घेतलं. "हो, चार्जरच," असं ते म्हणाले नाहीत. पण नाही असंही म्हणाले नाहीत. खोकं छातीशी धरून ते मागच्या खोलीत आले, आणि दार लावून घेतल्यावर त्यांना स्वतःची लाज वाटली. तरी त्यांनी हिशेब केला. निवृत्ती फार लांब नव्हती. आता पुन्हा बॅटरीवर काम होणार, म्हणजे शिट्टीचा प्रश्नच नाही. खुर्चीवाला बोलणार नाही, बायको बोलणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

नवी बॅटरी त्यांनी लॅपटॉपमध्ये बसवली, चार्जिंगला लावली आणि ऐंशीवर आल्यावर वायर काढली.

ताई आल्या त्या ओठ मिटून. हसल्या तेही ओठ मिटून. चेहरा थोडा निराळा दिसत होता, गाल बसले होते. खुर्चीत बसून त्यांनी माइक जवळ ओढला, पुस्तक उघडलं, आणि मग पुस्तकावर हात ठेवून काकांकडे पाहिलं.

"आधी एक पान वाचते. मग तुम्ही खरं सांगा. माझा 'स' शिट्टी मारतोय का."

"घरी कुणाला विचारलं नाहीत?"

"घरचे सगळे म्हणतात, छान, काही फरक नाही. सूनबाई तर म्हणाली, पहिल्यापेक्षा गोड. त्यांचं काय ऐकायचं? ते माझं मन राखणार. तुम्ही आजवर माझं मन कधी राखलं नाहीत, म्हणून तुम्हाला विचारते. वाईट असेल तर वाईट म्हणा, मी पुस्तक मिटून घरी जाते. लोकांच्या कानांत शिट्ट्या मारायची मला हौस नाही."

त्यांनी वाचलं. समुद्र, सकाळ, स्वयंपाकी, शिडं. पान सगळं 'स'नी भरलेलं होतं, त्यांनी ते मुद्दाम निवडलं असावं. काकांनी डोळे मिटून ऐकलं. छान वाटलं. मागे घेऊन पुन्हा ऐकलं. पुन्हाही छान वाटलं. आवाज वाढवून तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा त्यांना कळून चुकलं की आपण ताईंचा 'स' ऐकतच नाही आहोत. इतकी वर्षं ऐकलेला त्यांचा जुना 'स' आपल्या डोक्यातून येतो आहे आणि तो आपण त्या जागी बसवतो आहोत.

ताई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. दोन्ही हात पुस्तकावर घट्ट.

"छान" म्हणायला काय लागत होतं? एक शब्द. काकांच्या तोंडापर्यंत तो आलाही होता.

त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. "ताई, मला ते ऐकू येत नाही."

"म्हणजे, शिट्टी नाही?"

"असेल. नसेल. मला कळत नाही. बारीक आवाज मला ऐकू येत नाहीत. चार्जर काही फसवा नव्हता, शिट्टी पहिल्या दिवसापासून होती. मी डोळे मिटून बसलो, शांत आहे म्हणालो आणि तुमच्याकडून सगळं पुस्तक वाचून घेतलं."

ताईंना ते समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांचा चेहरा लाल झाला.

"माझे दात होते तेव्हा," त्या म्हणाल्या. "अहो, तो माझा शेवटचा धड आवाज होता! मी डॉक्टरांची तारीख पुढे ढकलली त्या पुस्तकासाठी. दाढ ठणकत होती तरी वाचलं. एकदा, नुसतं एकदा कुणाला तरी ऐकायला द्यायचं होतंत!"

"हो."

"पोटातले कावळे ऐकू येतात तुम्हाला!"

"ते येतात," काका म्हणाले. "तेवढंच येतं आता."

ताईंनी पुस्तक मिटलं, पर्स उचलली, उठल्या. दारापर्यंत गेल्या. फटीतली चादर पायात आली म्हणून थांबल्या, का आणखी कशासाठी, ते त्यांनाच ठाऊक. त्या पाठमोऱ्याच उभ्या राहिल्या. क्षमा मागावी असं काकांना वाटत होतं, पण गेलेला आवाज तिने परत येणार नव्हता, आणि तो त्यांच्याइतका कुणी ऐकला नव्हता.

"केव्हा कळलं तुम्हाला?" ताईंनी न वळता विचारलं.

"पुस्तक लोकांकडे गेल्यावर. खुर्चीवाल्याने सांगितलं."

"आणि आणखी कुणाला माहीत आहे?"

"बायकोला. आता तुम्हाला. तुम्ही गेलात की ग्रंथपाल बाईंना सांगणार आहे."

ताई वळल्या. "त्या तुम्हाला काढतील."

"काढू देत."

"काढू देत म्हणे," ताई पुटपुटल्या. राग गेला नव्हता, तो पुढे बरेच दिवस गेला नाही. पण त्या परत येऊन खुर्चीत बसल्या आणि पर्स मांडीवर घेतली. "मग माझा 'स' ऐकणार कोण?"

खुर्चीवाला दुसऱ्या दिवशी दुपारी आला. ग्रंथपाल बाई स्वतः त्याला हाताला धरून मागच्या खोलीत घेऊन आल्या. आदल्या संध्याकाळी काकांनी त्यांना सगळं सांगितलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, मशीन तुम्ही चालवा, कानांचं बघू. काकांनी आपली खुर्ची खुर्चीवाल्याला दिली. त्याने बसताबसता खाली हात घालून तिचा वेत चाचपला आणि "ही माझीच," म्हणाला. काकांनी हेडफोन त्याच्या डोक्यावर चढवले, पट्टी त्याच्या मापाने सैल केली आणि स्वतः बाजूला एक स्टूल ओढून बसले.

ताईंनी तेच पान वाचलं.

"ताई, वाजतोय," खुर्चीवाला म्हणाला. "थोडासा. शब्दाच्या सुरुवातीला नाही, शेवटी. जीभ वर टेकत असेल बघा."

ताई ताठ झाल्या. आपल्या वाचनाबद्दल असं तोंडावर सांगणारा त्यांना आजवर एकच माणूस माहीत होता, काका. पण त्यांनी जीभ जरा मागे घेतली आणि पुन्हा वाचलं. पुन्हा वाचलं. काका एकदा ताईंकडे, एकदा खुर्चीवाल्याकडे बघत होते. त्या दोघांमध्ये काहीतरी बदलत होतं, सुधारत होतं, आणि ते त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं.

"आता?" ताईंनी विचारलं.

"आता बरा आहे. पहिल्यासारखा नाही, पण बरा आहे. ऐकायला आवडेल."

ताई पाणी प्यायल्या, त्यांनी चष्मा पुसला आणि पहिलं प्रकरण उघडलं. काकांनी पंखा बंद केला, लॅपटॉपच्या मागे हात घालून वायर नाही ना ते बघितलं आणि बटण दाबलं.

ताई वाचायला लागल्या. काका पडद्याकडे बघत नव्हते. ते खुर्चीवाल्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्याच्या कपाळावर आठी पडली, की लगेच त्यांना हात वर करायचा होता.